जुन्या नगरपालिका इमारतीची दुरुस्ती: प्रकल्प नोंदी

काम: बंदरपट्टीच्या गावातली नगरपरिषदेची जुनी इमारत. पुढे दुमजली कचेरी, मागे उंच सभागृह. जांभ्याच्या भिंती, सागाच्या कैच्या (छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी चौकटी), मंगलोरी कौलं. नव्वदीनंतर कधीतरी बाहेरून सिमेंटचा गिलावा झाला, त्यावर प्लास्टिक रंग. मोठी बांधकामं नारळी पौर्णिमेनंतर ठरतात आणि मिरगाआधी संपवावी लागतात, त्यामुळे कामांचा क्रम हवामानाने लावून दिला आहे: आधी ओल, मग छप्पर, मग गिलावा.

९ ऑक्टोबर २०२३

मापं घेतली. सभागृह बाहेरून ६० फूट × ३० फूट (१८.३ × ९.१ मीटर), भिंत दोन फूट जाड, हाताने घडवलेल्या चिऱ्यांची. चिरा साधारण १५ × ९ × ७ इंचांचा.

ओल मोजायला टोचणीचं मीटर वापरलं नाही. ते लाकडासाठी ठीक आहे. भिंतीत मीठ असलं की वीज जास्त वाहते आणि कोरडी भिंतही ओली दिसते. त्याऐवजी ५ सेंमी खोल भोक पाडून निघालेली भुकटी बंद डबीत घेतली, वजन केलं, १०५ अंशांवर वाळवली, पुन्हा वजन केलं. पश्चिमेच्या भिंतीत जमिनीपासून एका फुटावर १४ टक्के, तीन फुटांवर ९, सहा फुटांवर ४. छप्पर गळत असतं तर आकडे वर जास्त आले असते. ही ओल खालून चढते आहे.

कारण बाहेर उभं राहिल्यावर दिसतं. रस्त्यावर दर वेळी डांबराचा नवा थर, आवारात पेव्हर ब्लॉक, त्याखाली भराव. मूळ जोत्याचा वरचा पाटथर (आडवा दगडी थर) आता जमिनीच्या पातळीला आला आहे. खणून पाहिलं तेव्हा दीड फूट जोतं मातीत गेलेलं सापडलं. जोत्याचा उपयोगच हा, की भिंत पावसाच्या शिंतोड्यांच्या आणि साचलेल्या पाण्याच्या वर राहावी. ते गाडलं की भिंत थेट चिखलात उभी राहते.

१८ ऑक्टोबर

इमारत एका वेळी बांधलेली नाही. कचेरीची मागची भिंत आणि सभागृहाची भिंत जिथे मिळतात तिथला सिमेंटचा गिलावा एक फूट रुंदीने काढला. आत चिरे एकमेकांत गुंफलेले नाहीत. जोत्यापासून वळचणीखालच्या पाटथरापर्यंत सरळ उभा सांधा आहे. म्हणजे सभागृह नंतर आणून टेकवलं आहे. दोन्हीकडचा चुनाही वेगळा. कचेरीच्या सांध्यांत पांढरा चुना आणि न जळलेल्या शिंपल्यांचे तुकडे, सभागृहाच्या सांध्यांत सुरखीने (कुटलेल्या विटेच्या भुकटीने) लालसर झालेला चुना.

कौलांवर बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेचा छाप आहे. मिशनने मंगळूरला जेप्पू इथे कौलांचा कारखाना १८६५ मध्ये काढला, आणि तिथून गलबतांनी हा माल कोकणच्या बंदरांत येऊ लागला. त्यामुळे हे छप्पर १८६५ च्या आधीचं नाही, एवढंच या छापावरून म्हणता येतं. कौलं बदलली जातात, एका छपरावरून दुसऱ्यावर जातात. छापावरून इमारतीचं वर्ष सांगणारे बरेच जण फसतात.

सभागृह नंतर का लागलं, याचं आमचं अनुमान कायद्याच्या इतिहासावर उभं आहे. पनवेलची नगरपालिका १८५२ ची, रत्नागिरी, चिपळूण, राजापूर, वेंगुर्ला इथल्या १८७६ च्या. या सुरुवातीच्या समित्यांवर सरकारी अधिकारी आणि नेमलेले लोक; एका टेबलाभोवती कचेरीत बैठक होत असे. व्हाइसरॉय लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव मे १८८२ चा, आणि मुंबई इलाख्याचा जिल्हा नगरपालिका कायदा १८८४ चा. निवडून आलेले सभासद वाढले, तशी बसायची, बोलायची आणि ऐकायची वेगळी जागा लागली. उभा सांधा आम्हाला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो: कचेरी संपते आणि सभा सुरू होते ती रेघ दगडात राहिली आहे. ती गिलाव्याखाली पुन्हा बुजवायची नाही, खोल रेघ ठेवून दाखवायची.

तुलनेसाठी मुंबईच्या महापालिका मुख्यालयाची नोंद इथेच करून ठेवतो. त्याची कोनशिला याच रिपनने १९ डिसेंबर १८८४ ला बसवली. प्रत्यक्ष काम २५ एप्रिल १८८९ ला सुरू झालं आणि ३१ जुलै १८९३ ला पुरं झालं. वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स, ज्याने समोरचं व्हिक्टोरिया टर्मिनस उभं केलं तोच. जागा दोन रस्त्यांच्या मधल्या टोकदार पाचरीसारखी. त्याने प्रवेश टोकावर घेतला, त्यावर २५५ फुटांचा मनोरा चढवला आणि दोन्ही बाजू रस्त्यांच्या कडेने मागे नेल्या. खर्च ११,१९,९६९ रुपये, अंदाजपत्रकापेक्षा ६८,११३ रुपयांनी कमी. आमच्या गावच्या इमारतीत मनोरा नाही, कोरीव काम नाही. पण प्रश्न दोन्हीकडे एकच होता: लोकांनी निवडलेल्या माणसांना शहराने कुठे बसवायचं. मुंबईने त्याला मनोऱ्याने उत्तर दिलं, इथल्या गवंड्यांनी पायाखालच्या चिऱ्याने.

६ नोव्हेंबर

जुन्या चुन्याची तपासणी. सभागृहाच्या सांध्यातला नमुना वाळवून कुटला, १०० ग्रॅम घेतला, पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात टाकला. फेस थांबेपर्यंत ढवळत राहायचं, मग गाळून, धुऊन, वाळवून उरलेलं वजन करायचं. उरले ७१ ग्रॅम वाळू आणि सुरखी. विरघळलेले २९ ग्रॅम म्हणजे हवेने पुन्हा दगड झालेला चुना. विझवलेल्या चुन्याच्या हिशोबात ते सुमारे २१.५ ग्रॅम होतात. वजनाने १ ला ३.३ असं प्रमाण येतं. पण विझवलेली चुना-भुकटी हलकी आणि वाळू जड, त्यामुळे घमेल्याच्या मापाने तेच १ ला १.२ च्या आसपास जातं. वजनाचा आकडा घेऊन गवंड्याला "एकाला तीन" सांगितलं तर चुना फारच कमी पडतो आणि गिलावा हाताने भुगा होतो. जुन्या चुन्याच्या कामांत ही गल्लत वारंवार दिसते.

कचेरीच्या नमुन्यावर ही चाचणी चालत नाही. त्यातले शिंपल्यांचे तुकडेही आम्लात विरघळतात आणि चुना खोटा जास्त दिसतो. तिथे भिंगाखाली तुकडे वेचून काढावे लागतात.

नव्या कामासाठी ठरलेलं प्रमाण, घमेल्याने: चुन्याचा लोणा (विझवून मुरवलेला ओला चुना) १, सुरखी १, नदीची धुतलेली वाळू २. लोणा भुकटीपेक्षा घट्ट असतो आणि सुरखीही चुन्याबरोबर बांधते, म्हणून इथे एवढी भर चालते. खाडीची वाळू कितीही स्वस्त मिळाली तरी घ्यायची नाही. तिच्यातलं मीठ दोन पावसाळ्यांत भिंतीवर फुलतं.

२८ नोव्हेंबर

आवारातले पेव्हर भिंतीपासून सहा फूट काढले. दीड फूट भराव उपसला, जोतं मोकळं झालं. भिंतीलगत पाणी वाहून न्यायला दीड फूट रुंद उघडी पाट, चिऱ्याची, ६० ला १ उतार देऊन. पाट बंद करायची नाही, झाकणही नको. पागोळ्यांचं पाणी किती येतं त्याचा हिशोब: वळचणीसकट छपराची जमिनीवर पडणारी सावली २१९ चौरस मीटर, एका पाख्याची ११०. तासाला १०० मिमीची सर आली की एका बाजूला सेकंदाला ३ लिटर. या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिमीच्या वर पाऊस पडतो, म्हणजे एका पाख्यावरून हंगामात ३ लाख ३० हजार लिटर पाणी याच पाटेत उतरणार.

१४ डिसेंबर

सिमेंटचा गिलावा काढणं. आधी एक चौरस मीटर करून पाहिलं. ब्रेकर लावला तर सिमेंटबरोबर चिऱ्याचं कवचही निघतं. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवा लागून वरचा थर कठीण होतो. ते कवच गेलं की आतली पिवळट माती उघडी पडते आणि पावसात धुपते. म्हणून छिन्नी सपाट धरून, हलक्या हातोडीने, आधी पोकळ वाजणाऱ्या जागा. जिथे सिमेंट घट्ट चिकटलं आहे तिथे कापणीच्या यंत्राने चार इंचांच्या चौकटी पाडून एकेक चौकट सोडवायची. एक माणूस दिवसाला तीन चौरस मीटरच्या वर जात नाही आणि त्याला घाई करूही नये.

मागून जे निघालं त्यावरून सिमेंटचा दोष नीट दिसतो. गिलाव्याला केसासारख्या भेगा, त्यांतून पाणी आत शिरतं. बाहेर पडायला वाट नाही, कारण सिमेंट आणि प्लास्टिक रंग वाफ जाऊ देत नाहीत. ओल त्यांच्या मागे साचते, उन्हाळ्यात मीठ तिथेच स्फटिक होतं, आणि स्फटिक वाढताना चिऱ्याचा थर फोडतं. गिलाव्याच्या पाठीवर पांढरी बुरशीसारखी साय आणि तिला चिकटलेली चिऱ्याची लाल पापडी, असा प्रत्येक तुकडा खाली आला.

११ जानेवारी २०२४

मीठ ओढून घेणं. कागदाचा लगदा आणि शाडू समप्रमाणात, शुद्ध पाण्यात कालवून २ सेंमी जाडीचा लेप. नळाचं किंवा विहिरीचं पाणी चालत नाही, त्यात स्वतःचे क्षार असतात. लेप लावण्याआधी भिंत हलकी भिजवायची, म्हणजे मीठ विरघळून लेपाकडे येतं. लेप आपोआप वाळून सुटेपर्यंत ठेवायचा, इथल्या थंडीत दोन ते तीन आठवडे. काढलेला लेप शुद्ध पाण्यात ढवळून त्या पाण्याची विद्युतवाहकता मोजायची. दुसऱ्या लेपात ती पहिल्याच्या निम्म्याखाली आली की पुरे. लेप भिंतीवर धुवायचा नाही, नाहीतर काढलेलं मीठ परत आत जातं.

नवे चिरे आले. खोदून काढून खाणीवर वर्षभर ठेवलेले मागितले होते. तीन चिरे वाळवून वजन केलं आणि २४ तास बुडवून ठेवले: ३२ किलोचा चिरा ३५.१ किलो झाला, म्हणजे ९.७ टक्के. भारतीय मानकात मर्यादा १२ टक्के आहे. दुसऱ्या खाणीचे चिरे रंगाने सुंदर होते, पण १५ च्या वर गेले, परत पाठवले.

७ फेब्रुवारी

छप्पर. कौलं दोन्ही पाख्यांवरून एकाच वेळी, ओळीला ओळ धरून उतरवायची. एक पाखं आधी रिकामं केलं तर भार एकीकडे जातो आणि कैची वाकते. सगळं मिळून साडेनऊ टनांहून जास्त वजन आहे. दोन्ही पाख्यांवर प्रत्येकी २१ ओळी, ओळीत ९६ कौलं, म्हणजे ४,००० च्या थोडी वर. प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं. खणखणीत वाजलं तर ठेवायचं, बद्द आवाज आला तर आत तडा आहे. दोन तृतीयांश कौलं चांगली निघाली.

जुनी आणि नवी कौलं एका पाख्यावर मिसळायची नाहीत. लांबी-रुंदीत तीन-चार मिमीचा फरक असतो, खाचा बसत नाहीत आणि वाऱ्याच्या पावसात पाणी तिथूनच मागे चढतं. सगळी जुनी पूर्वेच्या, चौकाकडच्या पाख्यावर, नवी पश्चिमेला. नवीन पाख्याच्या रिपांचं अंतर छापील ३२ सेंमी न धरता आलेल्या मालातली दहा कौलं ओळीत मांडून ठरवलं.

कैच्या पाच. पश्चिमेकडची तीन टोकं भिंतीत कुजलेली, आत ४० सेंमीपर्यंत. टोक चिऱ्यात चुन्याने घट्ट बंद केलेलं, त्यात लोखंडी पट्टी. गंजलेलं लोखंड मूळच्या कित्येक पट जागा घेतं, त्याने वरचा चिराही फुटला होता. दुरुस्ती अशी: कैची स्क्रू जॅकवर फक्त तीन-चार मिमी उचलायची, तेवढ्याने भार सुटतो. कुजलेलं लाकूड निरोगी भागापर्यंत कापून जुन्या सागाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडायचा. तुळई ९ इंच खोल, सांधा तिच्या तिप्पट, ७० सेंमी. १६ मिमीचे चार बोल्ट, ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे. साधं जस्तलेपित लोखंड खाऱ्या वाऱ्यात टिकत नाही. टोकाखाली चिरडलेल्या चिऱ्याच्या जागी काळ्या दगडाचा पाट, आणि तिन्ही बाजूंनी एक इंच मोकळी हवा. वाळवीसाठी टाकणखार आणि बोरिक ॲसिडचं ५ टक्क्यांचं द्रावण, तेही फक्त आतल्या लाकडाला. पावसात ते धुऊन जातं.

२१ मार्च

शिमग्याची सुट्टी लागण्याआधी कौलं चढवून झाली. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीत छपरं नेली तेव्हा कौलं आधी कुठून सुटतात ते साऱ्यांनी पाहिलं: वळचण, आढं आणि दोन्ही टोकांच्या कडा. म्हणून वळचणीच्या पहिल्या दोन ओळी आणि कडेची तीन-तीन कौलं मागच्या भोकातून तांब्याच्या तारेने रिपेला बांधली. आढ्यावरचे कोने (आढं झाकणारी कौलं) चुना-सुरखीत बसवले. सिमेंटमधले कोने एका उन्हाळ्यात तडकतात, कारण खालचं लाकूड हलतं आणि सिमेंट हलत नाही.

१८ एप्रिल

पश्चिम भिंतीचा गिलावा पुरा. ७५ चौरस मीटर, चिऱ्याचे खळगे धरून सरासरी अडीच सेंमी, म्हणजे १.९ घनमीटर माल. त्याला ०.६३ घनमीटर लोणा, तेवढीच सुरखी, दुप्पट वाळू. लोण्यासाठी सुमारे ३५० किलो कळीचा चुना लागला. तो डिसेंबरातच फोडून हौदात ठेवला होता. फोडताना चुना पाण्यात टाकायचा, पाणी चुन्यावर ओतायचं नाही. उकळी फुटून डोळ्यांत जातो. चष्मा आणि हातमोजे सक्तीचे.

थर तीन: पहिला १२ मिमी, खरखरीत ठेवून, दुसरा ८, वरचा ३ मिमी घोटून. प्रत्येक थराआधी भिंत भिजवायची, पण पाणी चकाकत असताना माल लावायचा नाही. एप्रिलचं ऊन पश्चिमेच्या भिंतीवर दुपारी सरळ येतं, म्हणून अर्धा फूट अंतर ठेवून ओली गोणपाटं टांगली आणि दोन आठवडे दिवसातून चार वेळा भिजवली. एका कोपऱ्यात गोणपाट वाऱ्याने सरकलं, तिथे जाळीसारख्या भेगा पडल्या. तो भाग काढून पुन्हा केला.

गावातून जोरदार मागणी होती की लाल चिरा उघडा ठेवा, वरून पारदर्शक लेप मारा, छान दिसेल. चिरा छान दिसतो हे खरंच. पण वरच्या पाटथराच्या खाली, पाऊस पोचत नाही अशा बेचक्यात, मूळ चुन्याचा गिलावा आणि सफेती शाबूत सापडली आहे. ही भिंत पहिल्यापासून गिलावा केलेली होती. समुद्राकडची भिंत उघडी सोडायची नाही हे बांधणाऱ्यांना माहीत होतं. पारदर्शक लेप म्हणजे पुन्हा तेच सिमेंट, फक्त काचेचं. पूर्वेची भिंत वळचणीखाली आहे, ती उघडी ठेवली; सांधे चुन्याने भरले.

१३ मे

दस्तांची खोली. सभागृहालगतच्या लाकडी मजल्यावर जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या, घरपट्टीची बाडं, सभांच्या ठरावांच्या वह्या छतापर्यंत रचलेल्या. दोन मीटर उंच रचलेला कागद चौरस मीटरला सहज १,४०० किलोच्या वर जातो. कचेरीचा मजला २५०–३०० किलोंसाठी धरतात. मधल्या तुळया पाऊण इंच झोल खाऊन बसल्या होत्या.

खाली तळमजल्यावर हलवणं हा सोपा उपाय, पण चिपळूणचा २२ जुलै २०२१ चा पूर आठवून तो बाद केला. खालचा भाग दगडी फरशीचा आहे, पण खाडी दूर नाही. शेवटी मांडण्या भिंतींच्या कडेने, जिथे तुळया टेकतात तिथेच, उंची चार फुटांच्या आत, दोन मांडण्यांमध्ये चालायची वाट. जे बसलं नाही ते दुमजली कचेरीच्या वरच्या खोलीत. झोल जॅकने सरळ केला नाही. इतक्या वर्षांचा वाक एकदम काढला तर लाकूड तडकतं. मधोमध खालून एक आधार दिला, बस्स.

५ जून

चुना अजून कच्चा आहे. भिंतीच्या कोपऱ्यात छोटं भोक पाडून फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब टाकले: बाहेरचे ५ मिमी रंगहीन, त्याच्या आत गडद गुलाबी. रंगहीन तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन दगड झालेला थर, गुलाबी तो अजून कच्चा. पावसाळ्यात छिद्रं पाण्याने भरतात, हवा आत जात नाही, आणि हे काम जवळजवळ थांबतं. सुरखीमुळे ओलीतही थोडी ताकद येते, तरी झोडपणाऱ्या पावसासमोर एवढा भरवसा पुरेसा नाही. म्हणून पश्चिमेला झापांच्या (विणलेल्या झावळ्यांच्या) झडी बांधल्या, बांबूच्या चौकटीवर, भिंतीपासून एक फूट सोडून. ताडपत्री मारायचा आग्रह झाला होता. ताडपत्री हवा कोंडते आणि वाऱ्याने भिंतीवर आपटून गिलावा घासते.

२४ जुलै

मोठ्या पावसानंतरची तपासणी. पूर्वेच्या पाख्यात दोन जुनी कौलं सरकून गळती, बदलली. पश्चिमेला छप्पर कोरडं. पाटेतलं पाणी भिंतीपासून लांब जातं, मात्र रस्त्याच्या गटाराला मिळते तिथे पाला अडून तुंबते. तोंडाशी जाळी न बसवता आठवड्याला पाला काढायचा, जाळी लवकर बुजते.

भिंतीतली ओल पुन्हा त्याच उंचीवर मोजली: एका फुटावर ११, तीन फुटांवर ७, सहा फुटांवर ४ टक्के. खालच्या दोन्ही उंचींवर भर पावसात मागच्या ऑक्टोबरपेक्षा कमी, पण दोन फूट जाड जांभा सुकायला आणखी दोन-तीन उन्हाळे जातील. तळमजल्यावर आतून गिलावा आणि सफेती ऑक्टोबरपर्यंत करायची नाही, आणि केली तरी तीन फुटांखालचा पट्टा सर्वांत शेवटी. झडी नारळी पौर्णिमेनंतर पाऊस उघडला की काढायच्या, त्याच दिवशी फिनॉल्फ्थॅलिनची दुसरी चाचणी.